जरिबीचं मागचं टोक

जरीबमामा रस्त्यात भेटले तर बोलत नसत. उजव्या हाताचा पंजा तेवढा वर करीत आणि ओठ हलवत पुढे निघून जात. सौंसरला नवीन आलेल्या माणसाला वाटे, हा गृहस्थ एकतर गर्विष्ठ आहे किंवा देवाचं नाव घेत चालला आहे. दोन्ही खोटं. मामा पावलं मोजत असत. घरापासून बाजार, बाजारापासून तहसील, रोज तीच वाट. मुक्कामाला पोचले की आकडा मनात पक्का करायचा, आणि वाटेत ज्यांचे रामराम बाकी राहिले असतील त्यांना परतताना एकेक करून घालायचे. किराणावाल्यानं एकदा विचारलं, "रोज तेच ते मोजून काय भेटते हो तुम्हाले?" मामा म्हणाले, "काल बराबर होती म्हनून आजही असंन, हे तुले कोनं सांगतलं?"

हे माझ्या आईचे थोरले भाऊ. माझे वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आम्ही मायलेकी मामांच्या घरी. मामींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मामांनी उभी नोकरी जमीनमोजणीत काढली. जरीब म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी, ती ओढत ते सौंसर-पांढुर्ण्याच्या सगळ्या शिवारांतून हिंडले होते. जरिबीला माणसं दोन लागतात, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. मामा कायम पुढे. त्यामुळे जगाबद्दलचं त्यांचं मत ठरून गेलं होतं. "पुढचा मानूस साऱ्याईले दिसते," ते म्हणत. "खोटेपना मागच्या टोकाले होते. तो खुटीच्या इतभर पुढे सरकून उभा राह्यला की शेत बदलते. मागच्यावर भरोसा नाई तं मोजनी नाई."

आणि भरवसा त्यांचा कोणावरच नव्हता. मे महिन्यात त्यांचा खुद्द जरिबीवर नसे, कारण उन्हानं लोखंड वाढतं. भिंतीवरच्या घड्याळावर नसे. ते रेडिओच्या बातम्या लागल्या की मिळवून घेतलं जाई, तेही कुरकुरत. बोरगावच्या वाटेवरचा मैलाचा दगड त्यांनी निवृत्तीनंतर स्वतः जाऊन तपासला आणि तो जागेवरून हललेला आहे असा निकाल दिला. कोणी म्हणालं, दगडावर आकडा तर कोरलेला आहे. "दगडाले काय समजते? ज्यानं गाडला त्याले इचारा." स्वातंत्र्य आलं त्या दिवशी शाळेतून पेढा घेऊन मी नाचत घरी आले, तर मामांनी अर्धा पेढा तोंडात टाकून विचारलं, "हद्द कोनं मोजली?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. ते म्हणाले, "तेच तं. कोनालेच ठाऊक नाई."

पुढे प्रांत नव्यानं बांधले गेले तेव्हा त्यांच्या संशयाला खरा हंगाम आला. सौंसरात चहाच्या कपागणिक राज्य बदलत होतं. सकाळी आम्ही महाराष्ट्रात, दुपारी मध्यप्रदेशात. शेवटी ठरलं ते असं की नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो आणि आमची राजधानी भोपाळ झाली. आजवर आमच्याकडचा माणूस लग्नाच्या साड्यांपासून मोतीबिंदूपर्यंत सगळ्यासाठी नागपूरला जायचा. भोपाळ कुठल्या दिशेला आहे हे विचारलं तर चौघं चार बोटं दाखवीत. मामा तहसिलीत जाऊन बसले, नकाशावर दोरा ठेवला, आणि येऊन सांगितलं, "नागपूरहून भोपाळ, सरळ गेलं तं एकशे ऐंशी मैलाच्या आत हाय. पन सरळ जाते कोन?"

सरळ विमान जात होतं. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, ते भोपाळहून नागपूरला येताना मावळतीकडे तिळाएवढं चमकून जाई. पांढुर्ण्याचे लोक म्हणत, ते आमच्या गावावरून जातं. सौंसरचे म्हणत, आमच्या. यावरून नातेवाइकांत अबोला झालेला मी पाहिला आहे. मामांनी एक बुधवार इथे काढला आणि पुढचा पांढुर्ण्याला. इथून ते मावळतीला दिसलं, तिथून उगवतीला. "कोनाच्याच वरून जाऊन नाई राह्यलं," त्यांनी जाहीर केलं. "मधातून चाललं." दोन्ही गावं त्यांच्यावर नाराज झाली.

अशा दिवसांत मला पांढुर्ण्याचं स्थळ आलं. मुलगा नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून होता, कचेरीबरोबर त्याचीही रवानगी भोपाळला झालेली. आईनं एकुलती पोर इतक्या दूर द्यायला साफ नकार दिला. तेव्हा लोधीखेड्याचे एक नातेवाईक, जे हे स्थळ घेऊन आले होते, ते म्हणाले, "दूर काहून म्हनता, ताई? विमानानं भोपाळहून नागपूर सव्वा तास. पोरगी तिकडून दुपारचा चहा पिऊन निघाली तं रातच्या जेवनाले तुमच्यापाशी." आईचा चेहरा तिथेच निवळला. मी दाराआड उभी होते. मुलाचं नाव, गोत्र, शिक्षण यातलं मला काही ऐकू आलं नाही. विमान हा एक शब्द ऐकला. अठरा वर्षांची होते, आणि देवानं दिलेली सगळी अक्कल त्या वर्षी मी वेणीच्या रिबिनीवर खर्च करत होते.

मामांनी मात्र पाहुण्यांना सोडलं नाही. "सव्वा तास कोनं मोजला?"

"सारेच सांगून राह्यले."

"सारे म्हनजे कोन? इथून नागपूर गेले, तिथून सोनेगावच्या विमानअड्ड्यावर गेले, तिथी बसून राह्यले, मंग उडाले, भोपाळले उतरले, पुन्हा अड्ड्यावरून गावात. तुम्ही बसले कधी?"

ते बसलेले नव्हते. मी दाराआड दात खात होते. मला पक्कं वाटलं, मामाला माझं सुख पाहवत नाही. त्या आठवड्यात मी त्यांच्या भाजीत दोनदा मीठ घातलं नाही, आणि त्यांनी दोन्ही वेळा भाजीवर नाही, मिठावरच संशय घेतला.

मुलगा पाहायला आला. मामांनी शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. "विमानात बसले कधी?" मी आत देवाला म्हणत होते, हो म्हणू दे.

"नाई," मुलगा म्हणाला. "पाह्यलं हाय. मी पांढुर्ण्याहून गाडीनं जातो. इटारसीले बदलतो."

"किती लागते?"

"वेळापत्रकात लिहिलं असते थे एक. मले लागते थे दुसरंच."

 मामा लगेच आईला हाक मारून म्हणाले, "हा पोरगा चालते." त्यांनी आयुष्यात एवढ्या लवकर कशालाच हो म्हटलं नव्हतं. आणि मी, जिनं विमानाशी लग्न ठरवलं होतं, तिच्या वाट्याला इटारसीला गाडी बदलणारा माणूस आला. तरी मी हिंमत सोडली नाही. मनाशी म्हटलं, आजवर बसला नसेल, आता बायकोला घेऊन बसेल. आणि साऱ्या मैत्रिणींना सांगून टाकलं, "दिवाळीले मी विमानानंच येईन. सव्वा तास तं लागते." ही थाप पुढे मला चांगलीच भोवली.

सासरी निघाले त्या दिवशी आई रडली, शेजारणी रडल्या, मीही रीत म्हणून रडले. मामा हातात घड्याळ घेऊन उभे. मोटारीत चढताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तिकडून विमान उडताना दिसते का पाह्य. दिसलं तं वेळ लिहून पाठव. तू तिकडून, मी इकडून. रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ मिळवून ठेव." मग म्हणाले, "मागचं टोक तुह्यापाशी देऊन राह्यलो."

तेव्हा मला याचं हसू आलं. मामांनी कोणाला असं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

भोपाळला आम्हाला एक खोली मिळाली, वर गच्ची. गच्चीवरून बैरागडच्या विमानतळाच्या बाजूला विमान वर चढताना स्वच्छ दिसे. शेजारच्यांचा रेडिओ भिंतीतून ऐकू येई, त्यावर मी घड्याळ मिळवी. बुधवारी आणि शनिवारी दुपारी चारला मी गच्चीवर. खाली येऊन पोस्टकार्ड. 'चार वाजून दहा मिनिटांनी उडालं. मी मजेत आहे.' सौंसरहून उत्तर येई. 'पाच वाजून तीन मिनिटांनी दिसलं. आई मजेत.' याउपर आमच्या पत्रांत काही नसे. आमचे हे म्हणत, "असे पत्र तं दोन स्टेशनमास्तर लिहितेत." पण खरं सांगते, ते ठिपक्याएवढं विमान सौंसरच्या दिशेनं निघालं की मी ते दिसेनासं होईपर्यंत पाहत असे. ते तासाभरात माझ्या माणसांना दिसणार होतं. मी दिसणार नव्हते.

दिवाळी आली, गेली. विमानाचं नाव निघालं नाही. मला दिवस राहिले होते. हे म्हणाले, गाडीनं सोडून येतो, बाळंतपण सौंसरलाच होऊ दे. मी म्हटलं, गाडीनं येणार नाही. कारण काय, तर मैत्रिणी. साऱ्या सौंसरला सव्वा तास सांगून गेलेली मुलगी पोट घेऊन, धुळीनं माखून, मोटारीतून उतरणार होती. त्यापेक्षा मी इथेच मरेन, असं मी म्हटलं. तरुणपणी मरण्याच्या गोष्टी फार सहज बोलल्या जातात.

सातव्या महिन्यात मला ताप येऊ लागला. एक दिवस हुडहुडी, एक दिवस बरं. बरं असलेल्या दिवशी मी ह्यांना हसून दाखवी, हुडहुडीच्या दिवशी ते कचेरीतून येण्याआधी गोधडी घडी करून ठेवी. ताप आहे असं कळलं तर उचलून गाडीत घालतील ही भीती. गच्चीचे जिने चढणं तर केव्हाच सुटलं होतं. पण कार्ड गेलं नाही तर मामांना शंका येणार. म्हणून मी अंथरुणात पडल्या पडल्या वेळा लिहू लागले. खऱ्या वाटाव्यात म्हणून कधी तीन मिनिटं पुढे, कधी दोन मागे. एखाद्या कार्डावर 'ढग होते, नीट दिसलं नाही' असंही ठेवून देई. फार हुशार आहोत असं मला वाटत होतं. साऱ्या तहसिलीला ज्यांना फसवता आलं नाही त्या माणसाला मी एका पोस्टकार्डात गुंडाळत होते.

एका दुपारी दार वाजलं. उघडलं तर मामा. डोक्याला पंचा, खांद्यावर संत्र्यांची पिशवी, आणि चेहऱ्यावर कोळशाची काजळी. नागपूरपलीकडे कधी न गेलेला माणूस. मी वाकायला गेले तर त्यांनी पंजा वर केला. तोच, रस्त्यातला. मग खिशातून माझी दोन कार्डं काढली.

"बुधवारी विमान किती वाजता उडालं?"

"लिहिलं ना मामा. चार वाजून बारा."

"बुधवारी नाई उडालं."

मी चौकट धरली.

"पहिल्या बुधवारी दिसलं नाई तं मले वाटलं, माह्ये डोळे गेले," मामा म्हणाले. "दुसऱ्या बुधवारी दिवस बुडेपर्यंत बाजेवर बसून राह्यलो. मंग नागपूरले जाऊन इचारलं. बुधवारची फेरी बंद होऊन दोन आठवडे झाले. अन् तुह्यं विमान तं उडूनच राह्यलं."

मी काहीतरी पुटपुटले. कधी ढगांचं नाव घेतलं, कधी घड्याळाचं.

"विमान खोटं लिहिलं," मामा हळूच म्हणाले. "मंग खालची ओळ कोनं मोजली? मी मजेत आहे, हे कोनं मोजलं?"

त्यावर मला हुडहुडी भरली की रडू आलं, हे आजही सांगता येणार नाही. मामांनी हाताला हात लावला आणि पिशवी दारातच टाकली. ह्यांना कचेरीतून बोलावून घेतलं. बिचारे ताप पाहून असे उभे राहिले की मला त्यांचीच कीव आली. दवाखान्यात डॉक्टर मामांनाच बोलले. "आणखी आठ दिवस गेले असते तर आई आणि मूल, दोघांचंही काही सांगता आलं नसतं."

"आठ कोनं मोजले?" मामा म्हणाले.

 मी महिन्याभरात पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता खोकल्यानं बेजार झाले.

मामा तीन आठवडे आमच्या एका खोलीत राहिले. औषधाचा प्रत्येक डोस ते स्वतः पाहत, कारण बाटलीवरच्या कागदी खुणांवर त्यांचा भरवसा नव्हता. खोट्या कार्डांवरून मला रागावले मात्र नाहीत. एका संध्याकाळी संत्रं सोलून देताना म्हणाले ते एवढंच. "टोक हातून सुटते, कुसुम. माह्याही हातून सुटलं कितीकदा. पन सुटून राह्यलं तं आवाज द्यायचा. 'सोडलं' म्हनून वरडायचं. पुढचा थांबते ना मंग."

ताप उतरल्यावर ते मला घेऊन निघाले. भोपाळ, इटारसी, पांढुर्णा, आणि पुढे मोटारीनं सौंसर. उतरले तर समोरच दोन मैत्रिणी. "विमानानं आली का वं?" मी तोंड उघडण्याच्या आत मामांनी सांगून टाकलं, "गाडीनं. अठरा तास चाळीस मिनिटं." त्यांच्यासमोर थाप मारायची सोय नव्हती. महिनाभरानं मुलगा झाला. मामांनी त्याला टाळूपासून टाचेपर्यंत वितीनं मोजलं आणि म्हणाले, "सध्या बराबर हाय."

मी भोपाळला परतले आणि कार्डं पुन्हा सुरू झाली. आता फक्त शनिवारची. पण आता वेळ नसेल तर मी 'आज चढले नाही' असं लिही, आणि मन बरं नसेल तर तेही. मामा त्यावर काही लिहीत नसत. पुढच्या आठवड्यात आई मात्र चिवडा घेऊन कोणाच्या तरी सोबतीनं हजर होई.

मुलगा आठ वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात मामांचं एक कार्ड आलं. अक्षर वाकडं. वेळ नव्हती. एकच ओळ. 'सोडून राह्यलो.'

ह्यांनी कार्ड वाचलं, बाहेर गेले आणि कुठून कसं जमवलं कोण जाणे, पण विमानाचं तिकीट घेऊन आले. दहा वर्षं ज्याच्या नावानं मी जगाला नाचवलं, त्या विमानात मी शेवटी बसले. एकटी. आणि चाकं जमिनीवरून सुटली तशी मी जे डोळे गच्च मिटले ते नागपूरला माणसं उठून उभी राहिली तेव्हा उघडले. खाली पांढुर्णा गेलं, सौंसर गेलं. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते.

रात्र झाली तरी मामा गोधडी पांघरून अंगणात बाजेवरच होते, तोंड मावळतीकडे. मी पायाशी बसले.

"कशानं आली?"

"विमानानं, मामा."

त्यांच्या डोळ्यांत एकदम जीव आला. "किती लागला?"

"सव्वा तास."

"कोनं मोजला?"

 खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "नाई मोजला. डोळे मिटून बसली होती. मले भेव लागत होतं."

"सौंसरही नाई पाह्यलं?"

"नाई."

मामा हसले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं. बाज कुरकुरेपर्यंत हसले, मग दम लागला, मग पुन्हा हसले. जरा सावरल्यावर म्हणाले, "घरून घरी किती झालं?"

"नऊ तास वीस मिनिटं. हे पक्कं हाय, मामा. दार लावलं तेव्हा घड्याळ पाह्यलं, इथी आल्यावरही पाह्यलं."

"मंग थे लिही."

उशाखाली त्यांची वही होती, दोन रकान्यांची. एका बाजूला माझ्या वेळा, एका बाजूला त्यांच्या. जिथे मी खोटं लिहिलं होतं तिथे त्यांनी रेघ न मारता जागा मोकळी सोडली होती. मी शेवटच्या पानावर नऊ तास वीस मिनिटं लिहिली. शेजारच्या रकान्यात विमानाचा सव्वा तास लिहू का, म्हणून वर पाहिलं तर त्यांनी पंजा वर केला. चौथ्या दिवशी ते गेले.

आता नातवंडं विमानानं येतात आणि दारातूनच ओरडतात, आजी, तासाभरात आलो. मी विचारते, घरून घरी किती झालं? ते कोणी मोजलेलं नसतं. मीही त्यानंतर पुष्कळदा विमानात बसले, डोळे उघडे ठेवून. सौंसर कुठल्या खिडकीतून दिसतं ते मला आता ठाऊक आहे. घड्याळही हातात असतं. पण वहीतली विमानाच्या वेळेची ती जागा मी अजून भरलेली नाही. मागचं टोक मी धरलेलं आहे. पुढे बाजेवर बसून वर पाहणारं कोणी नाही, आणि एका माणसानं मोजणी होत नाही.